कॅमेरा ८ एफपीएसवर अडकला होता, आणि दोष नेटवर्कचा नव्हता (निदान सुरुवातीला तरी)

२०२४चा सीझन आटोपल्यावर निवांत लिहितोय. कॅमेरा म्हणजे एफआरसीच्या (हायस्कूलच्या मुलांची रोबोट स्पर्धा) जुन्या टीमकडे हमखास पडलेला असतो तो: इथरनेटवाला, एमजेपीईजी (एकामागून एक जेपीईजी फोटो) देणारा, ६४० बाय ४८०, ३० एफपीएस (म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम). मी इथे मिशिगनमध्ये मुलीच्या हायस्कूल टीमचा मेंटॉर. बंद पडलेल्या एका टीमकडून आम्हाला तो जवळपास फुकटात मिळाला, त्यामुळे माझ्या मताला ती सवलत धरूनच वाचा.

गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून चित्र अडखळत होतं. ड्रायव्हर मुलगी वैतागून म्हणाली, "अंकल, रोबोट आधी भिंतीला आपटतो, मग भिंत दिसते." सगळ्यांनी बोट दाखवलं ते बँडविड्थकडे, म्हणजे नेटवर्कमधून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो त्याकडे. शंका अगदीच फुसकी नव्हती. २०२४मध्ये स्पर्धेच्या मैदानावर एका रोबोटला फक्त ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) मिळत. ६४०चा एक फ्रेम साधारण ३० केबीचा धरला तर ३० एफपीएसला ७ एमबीपीएस लागतात. एमजेपीईजीत प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण फोटो, काटकसर नाहीच.

पण गॅरेजमधल्या रेडिओवर (रोबोटवरचा वायफाय राउटर) ती मर्यादा टाकलेलीच नव्हती! मग रेडिओ आणि रोबोरिओ (रोबोट चालवणारा छोटा संगणक) बाजूला ठेवले आणि कॅमेऱ्याची केबल थेट लॅपटॉपला लावली. तरी ८. कंपनीच्या सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं की हे मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या. प्रश्न न वाचता पाकिटात हात घालायला लावणारी ही तऱ्हा मला भयंकर खटकते.

उलगडा झाला तो एका पोराने कॅमेरा सहज खिडकीकडे वळवला तेव्हा. आकडा टुणकन ३०वर. परत बाकाखाली, परत ८. म्हणजे अंधारात ऑटो एक्स्पोजर (उजेडाप्रमाणे आपोआप होणारं सेटिंग) शटर जास्त वेळ उघडं ठेवत होतं. एका फ्रेमला सेकंदाचा आठवा भाग लागत असेल तर सेकंदाला आठच फ्रेम येणार, नेटवर्क कितीही रुंद असो.

सेटिंग सापडलं, पण कुठे? प्रगत पर्यायांच्या आत, आणखी एका पानावर, 'प्राधान्य: चित्राचा दर्जा की हालचाल' अशा मोघम नावाखाली. मूळ निवड अर्थातच दर्जाची. फ्रेम रेटच्या पानावर तुम्ही ३० लिहा, तो मान डोलावतो, आणि मागून शटर ८ करून ठेवतं. साधी एक सूचना का नाही देत? यासाठी मी अख्खा एक तारा कापतो, कोणाला अति वाटलं तरी. तिथेच फ्लिकरचा (दिव्यांच्या लुकलुकण्याचा) पर्यायही इथल्या विजेप्रमाणे ६० हर्ट्झ करून घ्या. ५०वर राहिला तर आमचा कॅमेरा २५ एफपीएसच्या वर जात नव्हता. (भारतातून आणलेला कॅमेरा असेल तर हे आधी बघा.)

प्राधान्य हालचालीला दिल्यावर गॅरेजमध्ये चित्र दाणेदार झालं. दाणे वाढले की जेपीईजी नीट दबत नाही, फ्रेम फुगतो. तेव्हा मला त्याची फिकीर नव्हती.

स्पर्धेत झाली. मैदानावर उजेड भरपूर, तरी चित्र पुन्हा रखडायला लागलं. म्हणजे बँडविड्थवाल्यांचंही अर्धं खरं निघालं. ड्रायव्हर स्टेशनच्या (रोबोट चालवायची जागा) लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा डॅशबोर्ड चालू होताच, शिवाय ब्राउझरच्या एका टॅबमध्ये कॅमेऱ्याचं लाइव्ह पान उघडं राहिलं होतं. प्रत्येक बघणाऱ्याला कॅमेरा वेगळा स्ट्रीम पाठवतो, म्हणजे खर्च दुप्पट. टॅब बंद केला, ३२० बाय २४० आणि १५ एफपीएस ठेवलं. फ्रेम १० केबीच्या आसपास, एकूण सव्वा एमबीपीएस. आकार कॅमेऱ्यातच कमी करा. कोडमध्ये बदललात तर रोबोरिओला प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा दाबावा लागतो आणि तो बिचारा आधीच दमलेला असतो.

पुढे शेवटच्या मॅचपर्यंत तक्रार नाही. पाचपैकी चार तारे. नवीन कॅमेऱ्याचा विषय मीटिंगमध्ये निघाला होता, तो मी मोडून काढला. त्या पैशांत जास्तीची बॅटरी घेतली.