ठाणे की भायखळा? सिनेगॉगचं सभासद होण्याआधी

लग्न होऊन नवं बिऱ्हाड थाटलेलं किंवा नोकरीसाठी मुंबईकडे आलेलं एखादं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातलं, जोडपं "सभासद कुठे होऊ?" असं विचारतं, तेव्हा मुख्यतः दोन सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांची, नावं पुढे येतात. एक ठाण्याचं शार हाशामाईम, टेंभी नाक्याजवळचं, १८७९ सालचं, ऑर्थोडॉक्स म्हणजे जुन्या कडक रीतीचं. दुसरं भायखळ्याचं रोदेफ शालोम, उदारमतवादी. हे १९२५ मध्ये सुरू झालेल्या ज्यू रिलिजियस युनियनचं. तिच्यामागे होत्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड. लंडनला डॉक्टरी शिकताना त्यांनी तिथल्या उदारमतवादी ज्यूंची प्रार्थना पाहिली आणि तो विचार इथे आणला. पुढे १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वास्तू किती देखणी, हे निवडीत शेवटी यावं. आधी पाहायचं ते मोजणीत कोण धरलं जातं.

सामुदायिक प्रार्थनेला दहा जणांचा मिन्यान, म्हणजे गणसंख्या, लागतो. ऑर्थोडॉक्स रीतीत हे दहा म्हणजे तेरा वर्षांवरचे पुरुषच. समजा, वारलेल्या वडिलांसाठी कादिश ही प्रार्थना म्हणायची आहे, खाली नऊ पुरुष आलेत आणि वर गॅलरीत त्यांच्या बायका, मुली, बहिणी मिळून सात जणी. तरी दहाव्या पुरुषाला फोन लावावा लागतो. तो येईपर्यंत सगळे ताटकळत. उदारमतवादी रीतीत अडचण येत नाही: बायका-पुरुष एकत्र बसतात आणि बायका मिन्यानमध्ये धरल्या जातात. मुलीने सिनेगॉगमध्ये तोरा हा धर्मग्रंथ वाचावा अशी इच्छा असेल तर भायखळ्याचं पारडं इथेच जड होतं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. रोदेफ शालोमचं मंडळ लहान. तिथे दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रार्थना होईलच असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या. ठाण्याच्या आसपास मात्र आज बेने इस्राएलांची वस्ती सगळ्यात दाट आहे, त्यामुळे मुलांना समवयस्क सोबती मिळतात, आजारपणात डबा येतो, लग्नाआधीच्या मेहंदीला हात कमी पडत नाहीत.

आणि मलिदा, आपला देवाचे आभार मानायचा विधी. नवस फेडायचा असो, घरभरणी असो, ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचलेली. झाडाच्या फळावर वेगळी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, जमिनीत येणाऱ्या पिकावर वेगळी, मग एलियाहू हानाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचं गाणं. हे पुस्तकात वाचून येत नाही. कोणत्या फळाला कोणती ब्राखा हे शेजारी बसलेल्या मावशीच कोपराने ढोसून सांगतात. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ-सणाच्या द्राक्षरसावरच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुका किती वेळ भिजवायच्या तेही त्याच सांगणार. नव्या सुनेला सामावून घेणं म्हणतात ते प्रत्यक्षात असंच होतं, आणि त्यासाठी माणसं जास्त असावी लागतात.

मिश्र विवाह असेल तर गणित बदलतं. ऑर्थोडॉक्स नियमाने मूल आईवरून ज्यू ठरतं. वडील बेने इस्राएल आणि आईने धर्मांतर केलेलं नसेल, तर मुलाच्या बार मित्सवाच्या, म्हणजे तेराव्या वर्षी धर्माच्या दृष्टीने वयात येण्याच्या विधीच्या, वेळी प्रश्न उभा राहणारच. अशा घराने आधी भायखळ्याला जाऊन बोलावं असं मला वाटतं. तिथे ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त आहे. मात्र पुढेमागे इस्राएलला जायचं मनात असेल तर एक गाठ पक्की बांधा: परदेशात उदारमतवादी मार्गाने झालेलं धर्मांतर तिथलं सरकार नागरिकत्वासाठी मानतं, पण लग्न लावणारी रब्बींची संस्था मानत नाही. खुद्द जन्माने बेने इस्राएल असलेल्यांनाही साठच्या दशकात तिथे वंशावळ उलगडून दाखवायला लावली होती. धरणं, उपोषणं झाली, तेव्हा १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे पूर्ण ज्यूच आहेत असा निर्वाळा दिला.

घरात कोणी काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सुचवेल. १८८४ सालचं, ससून घराण्याने बांधलेलं, २०१९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा झळाळलेलं. फोर्टात नोकरी असेल तर सोयीचं, शिवाय बाहेरदेशचे पाहुणे भेटतात. पण बाहेरच्यांची ये-जा जितकी जास्त तितकं आपलं मंडळ असं वाटणं कमी, हे माझं मत. ते मुळात बगदादी ज्यूंचं, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंचं. एके काळी बगदादी मंडळी बेने इस्राएलांना मिन्यानमध्ये धरायला कां-कूं करत. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये तर मतदानाचा हक्क नाकारला गेला आणि १९३५ मध्ये कोर्टाकडून तो मिळवावा लागला. आता बगदादी मोजकेच उरलेत आणि त्यांची सिनेगॉग बऱ्याच अंशी बेने इस्राएलच जागती ठेवतात. अर्थात आपणही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. आपल्यातच 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते, आणि 'काळा' हा शिक्का मिश्र विवाहातून आलेल्या घरांवर बसे. म्हणून नव्या सुनेला "मूळ आडनाव काय?" असं कोणी तीनतीनदा विचारू लागलं तर ते कोणत्या मंडळात घडतंय, तेवढं लक्षात ठेवा.

पुण्यात असाल तर निवड सोपी. ओहेल डेव्हिड, म्हणजे लाल देऊळ, पाहायला न्या पाहुण्यांना. मराठी बोलणारं मंडळ रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोत. दिल्लीत तर निवडच नाही: हुमायून रोडवरचं १९५६ चं ज्यूडा हायम हॉल एवढंच. माणसंच मोजकी, त्यामुळे तिथे बायकांना मिन्यानमध्ये धरतात आणि कोण कुठल्या पंथाचा हे विचारत बसत नाहीत.

माझा कौल असा. दोघंही बेने इस्राएल, मुलं लहान आणि घर मध्य रेल्वेवर, तर ठाणे. बायकोला किंवा मुलीला वरच्या गॅलरीत बसणं मनापासून नको असेल, किंवा जोडीदार दुसऱ्या धर्मातला असेल, तर भायखळा, आणि सणासुदीला ठाण्याची वारी. एकीकडे वर्गणी भरून दुसरीकडे प्रार्थनेला गेल्याने कोणी वाळीत टाकत नाही.

जाल तिथे ओळखपत्र न्या. २६/११ नंतर दारावर चौकशी होते, मनाला लावून घेऊ नका. जमलं तर सण सोडून एखाद्या साध्या शनिवारी जा. सणाला सगळीकडेच गर्दी असते. आणि कमिटीला दोन प्रश्न तोंडावर विचारा: सभासद झाल्यावर बायकोला स्वतंत्र मत आहे का, आणि धर्मांतर न केलेल्या जोडीदाराला आपल्या दफनभूमीत जागा मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाला "बघू, तेव्हाचं तेव्हा" असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर भागवू नका. लेखी मागा.