कागदी मावळे, राजवाड्याच्या खिडक्या आणि 11 नंबरचं ब्लेड: वापरानंतरचा अनुभव

कागदाच्या छोट्या प्रतिकृती कापायला काय घ्यावं, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, एखादा क्राफ्ट सेट मागवा, त्यात सगळं येतं. मागच्या दिवाळीपासून सतत कापाकापी केल्यावर माझं मत बरोबर उलटं झालंय. सेटमधलं आता जवळजवळ काहीच वापरात नाही. टेबलावर कायम पडलेली असतात ती हत्यारं दवा बाजारातून, जेल रोडवरून आणि सियागंजातून आणलेली, म्हणजे डॉक्टर, मोबाइल दुरुस्त करणारे आणि चामड्याचं काम करणारे जिथून सामान नेतात तिथून. इंदूरमध्ये राहण्याचा हा एक फायदा, तिन्ही ठिकाणं एका फेरीत होतात.

आधी काम काय ते सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. दोन गोष्टी चालू असतात. एक म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं, पण मातीची नाहीत, कागदाची: जेमतेम इंचभर उंचीचे मावळे, पुढून-मागून छापलेले, डोक्यावर घडी घालून चिकटवलेले. दुसरी गोष्ट म्हणजे आपला इंदूरचा राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. फूटभर उंचीचा करायचा तर वरच्या मजल्यांतली एकेक खिडकी चार-पाच मिलिमीटरची होते, आणि तशा ओळीच्या ओळी कापायच्या असतात. जाड पुठ्ठ्याची घरं, शुभेच्छापत्रं वगैरे करणाऱ्यांना माझ्या तक्रारी नाजूकपणाच्या वाटतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

सेटमधल्या पेनासारख्या सुरीपासून सुरुवात करते. अॅल्युमिनियमची दांडी, पुढे चार फाकांची पकड, ती पिळून घट्ट करायची. दिसायला छान. पण दहा-पंधरा मिनिटं कापलं की पकड ढिली होते आणि ब्लेड केसभर डुगडुगायला लागतं. मावळ्याचं मनगट एक मिलिमीटरचं. तिथे केसभर म्हणजे हात तुटला. शिवाय दांडी गोल, टेबलावरून गडगडत खाली, आणि नेहमी टोकावर. या जातीची चांगली सुरी मिळत नाही असं नाही, पण स्वस्त सेटमध्ये ती नसते, एवढं नक्की.

आता स्काल्पेल, म्हणजे डॉक्टरांची शस्त्रक्रियेची सुरी. यावर जरा लांब लिहिते, कारण माझं सगळं काम यानेच बदललं. शस्त्रक्रियेच्या हँडलांना नंबर असतात. 3 नंबरचं हँडल घ्या. त्यावर 10, 11, 12, 15 ही लहान ब्लेडं बसतात. 4 नंबरच्या हँडलवर 20 च्या पुढची मोठी बसतात, ती आपल्या उपयोगाची नाहीत. ब्लेड हँडलच्या खाचेत सरकून टक्कन बसतं, त्यामुळे ढिलं होण्याचा प्रश्नच नाही. दवा बाजारात दुकानदाराने विचारलं, “मॅडम, कौन से हॉस्पिटल से?” राजवाडा कापायचाय म्हटल्यावर त्याने सुटी ब्लेडं मोजून दिली. एरवी शंभराचा डबा येतो. एक ब्लेड चहाच्या कटापेक्षा स्वस्त पडतं, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

11 नंबरचं ब्लेड सरळ धारेचं, अणकुचीदार. खिडक्या, पायांमधली फट, भाला आणि हात यांच्यामधला त्रिकोण हे सगळं त्याचं काम. 15 नंबरची धार पोटाकडे गोल. अंगरख्याचा घेर, पागोट्याची गोलाई यांना ते बरं, कारण टोक अडकत नाही, धार लोळत जाते. मी नव्वद टक्के वेळ 11 वापरते. एक सावधगिरी: क्राफ्टच्या सुरीलाही 11 नंबरचं ब्लेड असतं, पण ते वेगळं. नंबर सारखा असला तरी एकाचं दुसऱ्यात बसत नाही, मागवताना नीट पाहा.

ब्लेड कार्बन स्टीलचं आणि स्टेनलेसचं, दोन्ही मिळतं. माझ्या हाताला कार्बनचं जास्त तिखट लागतं, पण ते गंजतं. आषाढात फोडून ठेवलेल्या ब्लेडावर दोन दिवसांत तपकिरी ठिपके आले, आणि तसलं ब्लेड कागदाचे तंतू कापत नाही, ओढतं. आता लागेल तेव्हाच एकेक पाकीट फोडते आणि चालू ब्लेडं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एका डबीत ठेवते.

खिडकी कापायची माझी पद्धत अशी. चारही कोपऱ्यांत आधी टोक नुसतं टोचायचं. मग एका कोपऱ्यातून निघून बाजूच्या मध्यापर्यंत कापायचं, आणि समोरच्या कोपऱ्यातून उलटं येऊन तिथेच मिळवायचं. एका दमात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलं की हात हमखास पुढे घसरतो आणि कोपऱ्याबाहेर बारीक चीर पडते. ती रंगवूनही लपत नाही. दोन्ही बाजूंच्या उभ्या रेघा आधी, मग कागद फिरवून आडव्या. संपूर्ण ओळीच्या एकाच दिशेच्या रेघा एकदम केल्या की खिडक्या एका रांगेत दिसतात. आतली भोकं सगळी झाल्याशिवाय बाहेरची कड कापायची नाही. कड सुटली की तुकडा हातात धरवत नाही. गोलाईला सुरी जागेवर ठेवून कागद फिरवायचा, सुरी जवळजवळ उभी. सरळ रेघेला सुरी आडवी झोपवायची, म्हणजे टोकाऐवजी धार काम करते आणि टोक जास्त टिकतं.

टोक मोडतंच. मोडलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, कागदाला कळतं: कापताना बारीक खरखर येते आणि मागच्या बाजूला लव उभी राहते. ती खरखर ऐकू आली की मी ब्लेड बदलते, “अजून एवढी एक खिडकी” करत बसत नाही. महागडं हँडल घेऊन जुन्या ब्लेडाने कापणारे लोक पाहिलेत. माझे पैसे सगळे ब्लेडांत जातात. ब्लेड काढायला बोटं लावू नका. त्याच दुकानात आर्टरी मिळते, चिमट्यासारखी कुलूप बसणारी. तिने ब्लेडाची मागची बाजू उचलायची आणि आपल्यापासून लांब सरकवायचं.

दुसरं हत्यार म्हणजे तुकडे पडणाऱ्या ब्लेडाचा 9 मिलिमीटरचा कटर, पण 30 अंशांच्या टोकाचा. साधा कटर जवळजवळ 60 अंशांचा असतो, त्याचं टोक दिसतच नाही कुठे टेकतंय ते. 30 अंशांचं टोक दिसतं. हे मोडत जाणारं ब्लेड जपानमध्ये 1956 साली निघालं. ओल्फा कंपनीचे संस्थापक योशिओ ओकादा यांना ती कल्पना फुटक्या काचेच्या धारेवरून आणि चॉकलेटच्या मोडत जाणाऱ्या वड्यांवरून सुचली, असं कंपनी सांगते. मी ओल्फाचा आणि एनटी या दुसऱ्या कंपनीचा, दोन्ही वापरले, दोन्हींत खोट काढायला जागा नाही. लांब सरळ रेघा, भिंती, चौथऱ्यांच्या पट्ट्या यांना तो स्काल्पेलपेक्षा चांगला. स्काल्पेलचं पातं पातळ, पट्टीला दाबलं की वाकतं. कटरचं वाकत नाही. फक्त ब्लेड एक-दोन खणच बाहेर काढा.

फिरत्या डोक्याची सुरीही घेतली होती, गोलाईसाठी म्हणून. मोठ्या वळणांना ठीक. ढालीएवढ्या वर्तुळाला ती मनमानी करते. ढाली मी सियागंजातून आणलेल्या चामड्याच्या पंचांनी पाडते: खाली जाड रबर किंवा लाकूड, वर हातोडीचा एक ठोका, आणि वर्तुळ अगदी गोल. सुरीने कापलेली ढाल बटाट्यासारखी दिसते. बारीक पंच राजवाड्याच्या कमानींच्या माथ्यालाही कामी येतो: माथ्यावर अर्धं वर्तुळ पंचाने, खालच्या दोन बाजू सुरीने.

कात्र्या मी कमीच वापरते. भरतकामाची टोकदार कात्री बाहेरचा फालतू कागद काढायला, आणि नखांची वाकडी कात्री पाठीच्या, पदराच्या बाहेरच्या गोलाईला. कात्रीने कापलेली कड किंचित वाकते. जाड कागदावर ते दिसतं.

चिमटा जेल रोडवरचा, मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानातला: एक सरळ, एक वाकड्या टोकाचा. क्राफ्टच्या नावाने विकले जाणारे चिमटे टोकाशी मिळतच नाहीत, उजेडासमोर धरून पाहा. दोन्ही टोकांमध्ये फट दिसली तर परत ठेवा. हा माझा सगळ्यात समाधानाचा खर्च.

खाली ठेवायची कापायची मॅट A3 ची घ्या, A4 वर कागद फिरवायला जागा उरत नाही. काचेवर कापू नका. रेघ सुंदर येते, ब्लेड लगेच जातं. आणि मॅट उन्हात ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीच्या खोलीत ठेवलेली मॅट वाकून तवा झाली, ती परत सपाट झाली नाही. पट्टी स्टीलचीच हवी, खाली बुच लावलेली मिळाली तर उत्तम. अॅल्युमिनियमच्या पट्टीची कड ब्लेड सोलत नेतं आणि पुढच्या वेळी रेघेला पोट येतं.

हत्यारांइतकाच कागद. मावळ्यांना 160 ते 200 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) पुरतं, दोन पदर चिकटल्यावर तो उभा राहतोच. 300 जीएसएमला हलक्या हाताने तीनदा फिरवावं लागतं. जोर लावून एकदाच कापलं की खालची कड चिरडते. खजुरी बाजारातून कार्डशीट आणताना कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघते. ज्या दिशेची घडी सहज पडते ती तंतूंची दिशा. भाला तंतूंच्या दिशेत लांब ठेवला तर सरळ राहतो, आडवा ठेवला तर दोन दिवसांत मान टाकतो. भाल्याच्या कडेला फेविक्विकचा एक थेंब टूथपिकने लावला की तो काडीसारखा कडक होतो, फक्त खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांना झोंबतं. लेझर प्रिंटवरची शाई घडीवर फुटते, म्हणून आधी रिकाम्या बॉलपेनाने घडीची रेघ दाबून घ्यायची. पावसाळ्यात कागद सादळतो आणि चांगल्या ब्लेडालाही लव येते. त्या दिवसांत शीटं बंद डब्यात ठेवते, नाहीतर सरळ रंगवायचं काम काढते. पांढऱ्या कडा दिसू नयेत म्हणून कापून झाल्यावर करड्या ब्रशपेनने कडेवरून एक हात फिरवते. हे न करणाऱ्याचे मावळे लांबून स्टिकरसारखे दिसतात.

उजेड डावीकडून, मी उजव्या हाताने कापते म्हणून. भिंग डोक्याला बांधायचं घेतलं होतं, पण अर्ध्या तासात मान दुखते. साधा वाचायचा चष्मा बरा.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्यांदा 3 नंबरचं हँडल, थोडी 11 ची ब्लेडं, आर्टरी, स्टील पट्टी आणि A3 मॅट एवढंच घ्यावं. पंच आणि वाकडा चिमटा महिनाभराने कळेल लागतात की नाही. मुलांबरोबर किल्ला करत असाल तर स्काल्पेल त्यांच्या हाती नको. आमच्याकडे भाचा चिकटवतो, कडा रंगवतो आणि तोफांची जागा ठरवतो, त्यावरून भांडतोही.

वापरलेली ब्लेडं मी झाकणाच्या पत्र्याच्या डबीत टाकते, झाकणाला बारीक चीर पाडलेली. डबी भरली की टेपने बंद करून वर “धारदार ब्लेडं” असं हिंदीतही लिहिते आणि सकाळच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या खणात देते. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, आणि सुक्या कचऱ्यात सुटं ब्लेड गेलं तर ते पुढे निवडणाऱ्याच्या बोटात जातं. गाडीवरच्या माणसाला तोंडानेही सांगावं, डबी हलवून बघतात ते.