रूट प्लॅनिंगचं एआय सॉफ्टवेअर: आषाढीपासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत वापरल्यावर

गाड्यांचे मार्ग आखणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं ओळखीतले बरेच वाहतूकदार विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आमचं गोदाम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तेल, साबण, बिस्किटं, किराणा असा घाऊक माल मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, बार्शी या भागातल्या दुकानांना पोचवतो. आयशर, ४०७ आणि पेठांमधल्या बोळांसाठी छोटे हत्ती, असा संसार आहे. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. भाडं दर गाडीमागे महिन्याला, आणि अशी चार-पाच सॉफ्टवेअर मी पाहिली, ती आतून सारखीच वाटली.

विकायला आलेला पोरगा सारखा 'रस्ता शोधून देतं' म्हणत होता. खरं तर सोलापुरातून पंढरपूरला जायचे रस्ते किती? मोहोळवरून नाहीतर मंगळवेढ्याच्या अंगानं. ते आमच्या ड्रायव्हरांना झोपेतही माहीत आहेत. डोकं लागतं ते क्रमाला. एका गाडीत बारा दुकानांचा माल असेल तर ती दुकानं घ्यायचे क्रम होतात ४७ कोटी ९० लाखांच्या वर. पूर्वी हा क्रम आमचे दिवाणजी बिलांच्या गठ्ठ्यावरून लावायचे, आणि गठ्ठा ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं माल भरला जायचा.

हे गणित काही एआयनं शोधलेलं नाही. पेट्रोल पंपांना टँकर कसे पाठवावेत यावर डँट्झिग आणि रॅमसर या दोघांनी १९५९ मध्ये निबंध लिहिला, तेव्हापासून त्यावर काम चालू आहे. संगणकही सगळे क्रम तपासत बसत नाही. एक बरा क्रम धरतो, दोन दुकानांची अदलाबदल करून पाहतो, फायदा दिसला तर ठेवतो. शिकण्याचा भाग आहे तो वेळेच्या अंदाजात. कुठल्या रस्त्याला कुठल्या वेळी किती वेळ जातो, आणि कुठल्या दुकानापुढे गाडी किती वेळ उभी राहते, हे ते जीपीएसच्या नोंदींवरून हळूहळू ओळखतं. आमच्या धंद्यात पैसा या उभं राहण्याच्या वेळेत आहे.

मंगळवेढ्यातल्या एका दुकानाचं उदाहरण घ्या. सोलापूरकडून शिरताना ते पहिलं लागतं, म्हणून वर्षानुवर्षं गाडी आधी तिथंच लागायची. मालक नऊला शटर उघडतात, पण त्यांचा हमाल आधी दुसऱ्या पेढीवरची गाडी खाली करतो आणि अकराच्या पुढं इकडं येतो. तोवर आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी, ड्रायव्हर चहावर. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी त्याचा हिशोब धरला नव्हता. सॉफ्टवेअरनं महिनाभर तिथला उभा राहण्याचा वेळ पाहिला आणि ते दुकान गावातलं शेवटचं करून टाकलं. आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते पहिल्या दिवशी चिडले. "मालक, हे मशीन मला दुकानापुढून पुढं न्यायलंय आणि परत मागं आणायलंय!" दोन किलोमीटर उलटं पडतं हे खरंच आहे. पण त्या खेपेला मामा दिवस मावळायच्या आत गोदामात परत आले.

क्रम ठरला की भरणा उलटा करावा लागतो, शेवटच्या दुकानाचा माल आधी आत. त्याची चिठ्ठी सॉफ्टवेअर काढून देतं आणि ती मला नकाशापेक्षाही कामाची वाटते. आधी प्रत्येक थांब्यावर साबणाची खोकी खाली काढून तेलाचे डबे मोकळे करायचे आणि खोकी परत चढवायची, असा प्रकार चालायचा. खोकी फाटायची, बिस्किटांचा चुरा व्हायचा, दुकानदार माल परत करायचा. हे परतावे आता फार कमी झालेत. एक अट आहे: प्रत्येक मालाचं वजन आधी भरून द्यावं लागतं. वजन दिलं की जड माल लवकर उतरेल असा क्रम ते शक्यतो लावतं. गाडी लवकर हलकी होते, अ‍ॅव्हरेज सुधारतं.

आता तक्रारी. पत्त्यांनी पहिला महिना खाल्ला. 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी' हा पत्ता आपल्याला पुरतो, नकाशाला नाही. काही दुकानं त्यानं थेट शेतात नेऊन ठेवली. शेवटी ड्रायव्हरांनी प्रत्येक दुकानापुढं उभं राहून मोबाइलवर खूण टाकली तेव्हा सुटलं. मदतीचा फोन उचलतात, बोलतात हिंदीत, आणि 'वैराग' हे गाव आहे हे त्यांना प्रत्येक वेळी नव्यानं सांगावं लागतं.

आपल्या जिल्ह्याचं पंचांगही त्याला कळत नाही. आषाढीला पंढरपूरकडची जड वाहतूक वळवतात. ते कळवायचं आपणच, नकाशावर तेवढा भाग बंद करून. गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा शहरातले रस्तेही तसेच हातानं बंद करावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, मोहोळच्या वाटेवर लांबोटीच्या पुलाजवळ पाणी आलं आणि पुणे महामार्ग बंद झाला. त्या सकाळी आमच्या स्क्रीनवर मोहोळची गाडी निवांत त्याच पुलावरून जाताना आखलेली होती. ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पहाटेच आली होती. त्या आठवड्यात गाड्या ग्रुपवरच चालल्या.

उसाचा अनुभव मात्र वेगळा. गाळप सुरू झालं की कुरुल-कामती भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता धरून चालतात, ओव्हरटेक करायला जागा नसते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सॉफ्टवेअरचे अंदाज साफ चुकले. मग त्यानं आपणहून तिथला वेळ वाढवून धरायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात दुकानदारांना सांगितलेली वेळ बऱ्यापैकी जुळायला लागली. पूर एकदाच येतो, त्यातून ते शिकणार काय? ऊस महिनोन् महिने चालतो.

ज्याबद्दल कोणताही विक्रेता बोलत नाही तो विषय म्हणजे भत्ता. सांगोल्याची गाडी पूर्वी बऱ्याचदा मुक्कामी राहायची आणि ड्रायव्हर-क्लीनरला मुक्कामाचा भत्ता मिळायचा. क्रम सुधारला तसे मुक्काम घटले. म्हणजे बचत माझी आणि तोटा त्यांचा. मामांनी हे तोंडावर सांगितलं. आता वेळेत गाडी खाली करून परत आलेल्या खेपेला वेगळी रक्कम देतो. ती दिल्यापासून, ज्यावर सॉफ्टवेअर चालतं ते ड्रायव्हरांचे मोबाइल 'चुकून' बंद पडायचे थांबले. हा खर्च धरूनही डिझेल आणि भत्ता मिळून महिन्याला सॉफ्टवेअरच्या भाड्याच्या वर उरतं. पण जाहिरातीत सांगतात तितकं नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपास.

परतीच्या मालाचं काम ते करत नाही. सांगोल्याहून डाळिंब, बार्शीहून डाळ मिळाली तर गाडी रिकामी येत नाही, पण ते अजून फोनवर आणि ओळखीवरच चालतं. दोन-तीनच गाड्या असतील आणि त्याही ठरलेल्या चार दुकानांना जात असतील, तर हा खर्च करू नका, दिवाणजी पुरेत. रोज दुकानं बदलत असतील, प्रत्येक गाडीला दहाच्या वर थांबे असतील, तर घ्या.

मी मुदत वाढवली आहे, पण वर्षाचे पैसे एकदम भरले नाहीत, महिन्याच्या बोलीवर ठेवलंय. आणि एक सांगतो: दुकानांच्या खुणा, वजनं, उभं राहण्याच्या वेळा ही सगळी यादी दर महिन्याला एक्सेलमध्ये उतरवून घ्या. ती माहिती तुमच्या ड्रायव्हरांनी उन्हात उभं राहून जमवलेली असते, आणि सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर कंपनी ती सहजासहजी देत नाही.