आर्केनम की डिव्हाइन डिव्हिनिटी? भाच्याला सुट्टीत एकच खेळ सुचवायचा तर

भाचा बारावीतून सुटलाय. त्याच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आहे. त्याला ग्राफिक्स कार्ड नाही, आणि पंखा सुरू झाला की शेजाऱ्यांना वाटतं पिठाची गिरणी चालू झाली. मित्राकडं त्यानं 'बाल्डर्स गेट ३' हा कॉम्प्युटरवरचा भूमिका-खेळ (आपण एक पात्र होऊन त्याची गोष्ट जगायची) पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात तेच. त्या लॅपटॉपवर तो खेळ उघडणारही नाही. मग परवा सांगलीतल्या विश्रामबागेतून फोन आला : "मामा, तसलंच पण जुनं कायतरी सांगा की. तुम्ही खेळत होता ते."

माझ्या तोंडावर दोन नावं आली, 'आर्केनम' आणि 'डिव्हाइन डिव्हिनिटी'. "दोन्ही खेळून टाक" म्हणून फोन ठेवता आला असता. पण सीईटी तोंडावर आहे, ताई माझ्या नावानं बोटं मोडणार, आणि अभ्यासातून उरलेल्या वेळात एकच खेळ धड पुरा होईल. म्हणून जरा बसून विचार केला. अशाच पेचात असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

दोन्ही खेळ मी सांगलीतच खेळलो, २००३ ते २००५ या काळात, असेंबल्ड कॉम्प्युटरवर. सीड्या स्टँडजवळच्या एका दुकानातून आणलेल्या, वर मार्करनं लिहिलेलं नाव, तेही चुकीचं. चोरीचा माल होता हे आता कबूल करायला हरकत नाही. ते दिवस भारनियमनाचे. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज त्याच्या आधीच जायची. सुदैवानं दोन्ही खेळांत जवळजवळ कुठंही सेव्ह करता येतं. लढाईआधी सेव्ह, कुलूप उघडायच्या आधी सेव्ह, आई "मिक्सर लावते रे" म्हणाली की सेव्ह. ही सवय अजून गेलेली नाही. ऑफिसात एक्सेलच्या दर ओळीनंतर बोट आपोआप तिकडं वळतं.

आर्केनम आला २००१ च्या ऑगस्टमध्ये. 'फॉलआउट' या अशाच खेळावर काम केलेल्या टिम केन, लिओनार्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी इंटरप्ले ही कंपनी सोडून ट्रॉइका गेम्स ही स्वतःची काढली, तिचा हा पहिला खेळ. डिव्हाइन डिव्हिनिटी त्याच्या पुढच्या वर्षीचा, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा. होय, तेच लॅरियन, ज्यांनी २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ काढला. नावाला हसू नका. लॅरियनला 'द स्वोर्ड ऑफ लाइज' असं काहीतरी हवं होतं, प्रकाशकानं हे दुहेरी नाव गळ्यात बांधलं. दोन्ही खेळ वरून तिरकं बघायचे, दोन्हींत चित्रं जुनी, दोन्ही कुठल्याही डबड्यावर चालतात, आणि आमच्या वर्गात दोन्हींचं नाव ऐकलेला माझ्याशिवाय कुणी नव्हता. पोरं काउंटर स्ट्राइक खेळायची.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर डिव्हिनिटी हेच दिसतं. घराणं तेच, गवई तोच. मलाही आधी तसंच वाटलं.

सुरुवात दोन्हींची झकास आहे. डिव्हिनिटीत तुम्ही अॅलेरॉथ नावाच्या वैद्यांच्या गावात, एका घराच्या तळघरात जागे होता. गावचा मुख्य वैद्यच वेडा झालाय, आणि गावाखाली भुयारांचे थरावर थर आहेत. त्या भुयारात मला दोन सांगाडे भेटले. लढायचं सोडून वाद घालत बसलेले : आपल्याला स्नायू नाहीत, मग आपण हलतो कसे? मेंदू नाही, मग विचार कोण करतंय? युक्तिवाद पटला तसे दोघंही जागच्या जागी कोसळले, नुसती हाडं. रात्री साडेअकराला मी एवढ्यानं हसलो की बाबा उठून आले. 'स्नायू'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या रात्री कळलं.

आर्केनममध्ये तुम्ही झेफर नावाच्या हवाई जहाजात असता. दोन उडती यंत्रं हल्ला करतात, जहाज कोसळतं, वाचता तुम्ही एकटेच. एक म्हातारा बुटका मरता मरता हातात अंगठी ठेवतो आणि म्हणतो, त्या मुलाला शोध. तेवढ्यात व्हर्जिल नावाचा पुजारी धावत येतो आणि सांगतो की तुम्ही एका प्राचीन महात्म्याचा पुनर्जन्म आहात. गंमत अशी की हा व्हर्जिल नवशिका, पोथी त्याला नीट पाठ नाही. असा माणूस आपल्यापैकी प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या पूजेला पाहिलेला आहे.

इथून पुढं वाटा फुटतात.

डिव्हिनिटीत योद्धा, जादूगार आणि चपळाईवर जगणारा असे तीन प्रकार आहेत, पण कुणीही कुणाचीही विद्या शिकू शकतो. माझा योद्धा विंचू पाळायचा. तशी एक विद्याच आहे, जमिनीवर टाकला की तो विंचू तुमच्या वतीनं लढतो. लढाई सगळी माऊसच्या टिचक्यांवर, पाहिजे तेव्हा थांबवून विचार करता येतो. जग चाचपण्यात मात्र खरी मजा आहे. पिंपं ढकला, पेट्या सरकवा, खाली किल्ली सापडेल. गवताचा बिछाना दिसला की झोपा, अंगातलं रक्त भरून येतं. लवकरच दोन पिरॅमिड हाती लागतात. एक कुठंतरी टाकून यायचा, दुसरा जवळ ठेवायचा, आणि वाटेल तेव्हा उडी मारून परत. मी एक पिरॅमिड कायम व्यापाऱ्याच्या दारात ठेवलेला होता. बाल्डर्स गेट ३ मध्ये पिंपं रचून, वस्तू फेकून जी उठाठेव करता येते, तिचं बी इथं पेरलेलं दिसतं.

आर्केनमची बात वेगळी. इथं जादू आणि यंत्रं यांचं एकमेकांशी वैर आहे. बाजूला एक काटा असतो. मंत्र शिकलात की इकडं कलतो, बंदुका-बॉम्ब बनवायला शिकलात की तिकडं. तो काटा नुसता शोभेचा नाही. यंत्राकडं फार झुकलात तर व्हर्जिलचे बरं करणारे मंत्र तुमच्यावर धड चालत नाहीत, आणि मंत्रांच्या वस्तू विकणारा दुकानदार तुम्हाला दारातूनच घालवतो. मंत्रात फार पुढं गेलात तर आगगाडीत तुमची अडचण, कारण तुमच्यामुळं इंजिन बिघडेल ही भीती. मिरजेला जायला पॅसेंजर पकडतो त्या माणसाला ही शिक्षा किती मोठी ते कळतं.

यंत्रांच्या बाजूला आठ शाखा आहेत, त्यांतली एक वनौषधींची. तिचा अगदी पहिला पाठ म्हणजे एक मुळी आणि एक देठ मिसळून जखमेचा लेप करायचा. हळदीच्या गावातलं पोर मी. कापलं-सवरलं की आजीनं हळदच दाबलेली. मी दुसरं काही न शिकता आधी ती शाखा घेतली. खेळाच्या दृष्टीनं तो निव्वळ मूर्खपणा होता, सुरुवातीला तिथं मार खाल्ल्याशिवाय दिवस जात नाही.

पण मला जे सांगायचंय ते दुसऱ्या डावाचं आहे. दुसऱ्यांदा मी अर्धा-राक्षस घेतला, ताकद भरपूर, अक्कल तळाला. मला वाटलं आकडेच काय ते, लढाईला बरा. पहिल्या गावात शिरलो तर माझ्या तोंडची सगळी वाक्यं तुटकी. चार शब्द, तेही उलटेसुलटे. लोक माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं हळू, मोठ्यानं बोलायला लागले, काहींनी तर हाकलून दिलं. कामांची जी वही असते, तीसुद्धा त्याच अडाणी भाषेत. मी तेव्हा मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेला, वर्गात सर इंग्रजीत प्रश्न विचारायचे आणि माझ्या तोंडून अगदी असलंच काहीतरी बाहेर पडायचं. मी तो डाव हसत सुरू केला आणि अर्ध्या तासानं हसू थांबलं. त्या राक्षसाला मी शेवटपर्यंत नेलं नाही, पण विसरलोही नाही. टॅरंट नावाच्या मोठ्या शहरात कारखान्यात राबणारे अर्धे-ऑर्क (अर्धे माणूस, अर्धे ऑर्क नावाच्या राकट जमातीचे) आहेत, त्यांच्या संपाचं प्रकरण आहे. तिथं पोचल्यावर या खेळाला माणसाची जात, बोली, कपडे सगळं दिसतं हे नीटच कळतं.

टॅरंटमध्ये वर्तमानपत्र मिळतं. विकत घ्या. तुम्हीच केलेल्या उचापतींची बातमी त्यात येते.

आता दोष. आर्केनमची लढाई वाईट आहे, गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. धावत्या वेळात ती नुसती झोंबाझोंबी होते. सेटिंगमध्ये जाऊन आळीपाळीचा प्रकार निवडा, मग सुसह्य होते. तोल तर अजिबात नाही. काळ्या विद्येतला पहिलाच मंत्र एवढा जबर आहे की तो घेतला की निम्मा खेळ सोपा, आणि बंदूकवाला बिचारा सुरुवातीला उपाशी मरतो. बुटक्यांच्या एका खाणीत धातूचे राक्षस आहेत, त्यांच्यावर तलवार मारली की झिजते तलवारच. तिथं मी दोन दिवस आणि तीन तलवारी घालवल्या.

डिव्हिनिटीचा दोष उलट्या टोकाला आहे. पहिले दोन-तृतीयांश उत्तम, मधे व्हर्डिस्टिस नावाच्या प्लेगग्रस्त शहराचं छान प्रकरण, आणि शेवटी ओसाड प्रदेशात गेलात की नुसते राक्षसांचे थवे. बोलायला कुणी नाही, मारत सुटायचं. मी तो भाग रेडिओ लावून खेळलो. आर्केनमचा शेवटही मधल्या भागाइतका चांगला नाही, पण तिथं वाक्चातुर्य कमावलं असेल तर शेवटच्या शत्रूला वाद घालून गप्प करता येतं. नंतर एकेका गावाचं तुमच्यामुळं पुढं काय झालं ते सांगतात.

संगीतात मी कुणाची बाजू घेणार नाही. डिव्हिनिटीचं किरिल पोक्रोव्स्कींनी केलेलं, कान तृप्त करणारं. आर्केनमला जवळजवळ सगळीकडं फक्त तंतुवाद्यांची चौकडी, उदास, पावसाळी संध्याकाळसारखी.

२००५ च्या पुरात आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर चढवला. सीड्यांचा डबा टेबलाखालीच राहिला. पाणी उतरल्यावर त्यांच्यावर गाळाचा पापुद्रा होता, धुऊन काही उपयोग झाला नाही. डिव्हिनिटी तोवर संपला होता, आर्केनम अर्ध्यात. ट्रॉइका कंपनीही त्याच वर्षी बंद पडली, हे मला फार पुढं कळलं. तो अर्धा डाव मी कितीतरी वर्षांनी, जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरून रीतसर पैसे भरून, पहिल्यापासून पुरा केला. एवढ्या वर्षांनी गावांची नावं पाठ होती. डिव्हिनिटीही मग परत घेतला, तर विंचू आणि सांगाडे सोडून फारसं काही आठवेना. यातून काय घ्यायचं ते घ्या.

चालवण्याच्या दृष्टीनं डिव्हिनिटी जरा कमी छळतो. आर्केनमला चाहत्यांनी बनवलेला अनधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, लावा, त्यात कितीतरी चुका दुरुस्त होतात आणि चित्र आजच्या पडद्यावर नीट बसतं. अर्ध्या तासाचं काम. भाच्याला तेवढं येतं, नाही आलं तर मी आहेच.

म्हणून ज्याला रोज अर्धा-पाऊण तास मिळतो, बोटांना काम हवंय, इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, त्यानं डोळे झाकून डिव्हिनिटी घ्यावा. मधे आठवडाभर सोडला तरी धागा तुटत नाही. आर्केनम तसा सोडला तर परत आल्यावर कोण कुठं राहतं हेच आठवत नाही, वही-पेन लागतं. इंग्रजीही जुन्या वळणाचं, व्हिक्टोरियन थाटाचं.

पण भाच्याला मी फोनवर विचारलं, त्या बाल्डर्स गेटात तुला एवढं काय आवडलं? तो म्हणाला, "सोबतची माणसं. आणि बोलून सुटता येतं, मामा. आपण जे केलं ते त्यांना माहीत असतंय." डिव्हिनिटीत तुम्ही एकटे असता. सोबती नाहीत, आणि बोलून सुटायच्या जागा थोड्या. म्हणजे खेळ करणारे तेच, पण ह्याला जे आवडलं ते त्यांच्या त्या जुन्या घरात नाही, शेजारच्या घरात आहे.

त्याला आर्केनम घ्यायला सांगितलं. बंदूकवाला करू नकोस, लढाई आळीपाळीची ठेव, आणि अॅशबरी गावात पोचलास की इकडंतिकडं न बघता आधी त्या कुत्र्याला शोध. एक बुटका त्याला लाथा घालत असतो. उशीर केलास तर ते मरतं. वाचवलंस तर मागं मागं येतं, आणि त्याच्याइतका खमका गडी तुला सबंध खेळात सापडायचा नाही.