कार्डावरून सुटलेले जी. आय. जो: पिशवी, खणांचा डबा की शोकेस?

पावणेचार इंची जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक बाहुला, पॅकिंगच्या कार्डावरून सुटला की कुठेही ठेवा, कंबर जायची तेव्हा जातेच. धड आणि पाय आतल्या एका रबरी ओ-रिंगने (गोल कडीने) ताणून धरलेले असतात. रबर वाळून तुटलं की बाहुला दोन तुकड्यांत हातात येतो. १९८२ च्या अमेरिकी हॅस्ब्रो कंपनीच्या जोचं तेच, आपल्या फनस्कूल कंपनीच्या जोचंही तेच. पण ओ-रिंग पाठीचा एक स्क्रू काढून बदलता येते. रंग, अंगठे आणि हत्यारं गेली की गेली, म्हणून जागा त्यांच्याकडे बघून ठरवा.

झिपलॉक पिशवीत हत्यारं सगळ्यात सुरक्षित. ४ × ६ इंची पॉलिथिलीनची पिशवी एका जोला पुरते. बंदूक, हेल्मेट २ × ३ इंची छोट्या पिशवीत घालून तीही आतच ठेवा. दोघांना एकत्र कोंबलं की नाकं-मुठी घासून रंग उडतो. बंदूक मुठीतून काढूनच ठेवा, नाहीतर ताणाने अंगठ्याला चीर पडते. परत घालताना हात मिनिटभर कोमट पाण्यात धरा. नव्या शॉवरच्या पडद्यासारखा वास मारणारी पिशवी पीव्हीसीची. तिच्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) झिरपून बाहुला चिकट होतो, ती नकोच. कोकण-मुंबईत पिशव्या पावसाळ्यात भरू नका: ओल आत कोंडते, स्क्रूला आणि कमरेतल्या धातूच्या आकड्याला गंज चढतो. कोरड्या दिवशी भरा, मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. नारंगी दाणे हिरवे झाले की पुड्या बदला.

खणांचा डबा शोधाशोधीला उत्तम, पण तळाचा त्रिकोणातला आकडा बघून घ्या. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, चालेल. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. काही जोंच्या हत्यारांना असलेल्या मऊ रबरी नळ्या त्याला महिनोन्महिने टेकल्या की तिथे प्लास्टिक विरघळून खड्डा पडतो.

शोकेसचा मोह समजण्यासारखा आहे, बघायचेच नसतील तर जमवायचे कशाला? पण उजेडाची किंमत पांढऱ्या जोंना मोजावी लागते. १९८४ चा स्टॉर्म शॅडो हा पांढरा जो पिवळा पडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पहिला स्नेक आइज मात्र बिनधास्त उभा करा, त्या काळ्या गड्यावर उडायला रंगच नाही. खिडकीसमोरची भिंत टाळा, दिवा एलईडीचाच लावा. पायाच्या भोकात बसणारा खुंटीचा स्टँड घ्या, नाहीतर एक ढिला जो पडला की रांगच आडवी होते. धूळ मऊ मेकअप ब्रशने झटका.

वीस-पंचवीस जो आणि उन्हापासून दूरची भिंत असेल तर शोकेस. त्याहून जास्त असतील किंवा घर भाड्याचं असेल तर पिशव्याच. पांढरे आणि नळ्यावाले दोन्ही परिस्थितींत पिशवीत. डबा माळ्यावर मात्र टाकू नका, स्लॅबखालच्या मे महिन्यात तिथे प्लास्टिक मऊ पडून पाय वाकतात. कपाटाचा खालचा खण बरा, फक्त त्यात डांबरगोळ्या नकोत. त्यांच्या वाफेने प्लास्टिक खराब होतं.