पिन टोचून रिसेट होत नसेल तर आधी वायर पाहा : वायफाय कॅमेऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

चित्र स्वच्छ, रात्रीचं दिसणं ठीक, आवाज ऐकू येतो, मान व्यवस्थित फिरते. घराच्या छपरीत किंवा कोठ्यावर लावायच्या स्वस्तातल्या फिरत्या कॅमेऱ्याकडून एवढंच हवं असतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. उन्हाळा-पावसाळा दोन्ही पाहून झाल्यावर हे लिहितोय ते फक्त रिसेटसाठी. राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला की कॅमेरा नव्यानं जोडावा लागतो, आणि नेमका तेव्हाच हा अडून बसतो. बटण कितीही वेळ दाबा, लाल लाइट लालच. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : बोर्ड (आतलं सर्किट) गेला, वॉरंटीत बसत नाही. खर्च सांगतात तो नव्या कॅमेऱ्याच्या जवळपास. तो देण्याआधी पुढचं करून पाहा. बोर्ड बहुतेकदा शाबूत असतो.

आधी भोक कोणतं ते नीट पाहा. फिरत्या कॅमेऱ्यात लेन्स वर वळवल्यावर खाली मेमरी कार्डाची फट दिसते, रिसेटचं बटण बहुधा तिच्या शेजारीच असतं. समोरच्या बाजूला जे अगदी बारीक भोक असतं ते माइकचं. त्यात सिमची पिन घातली की आतला पडदा फाटतो आणि आवाज कायमचा जातो. बटणावर पिन टेकली की हलकी 'टिक' हाताला जाणवायला हवी. जाणवली नाही तर बहुधा पिन तिरकी गेली आहे.

दुसरं, वेळ. हे बटण कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर वाचतं, थेट वीज तोडत नाही. लाइन आल्याबरोबर दाबलं तर सॉफ्टवेअर अजून उठलेलंच नसतं, दाबणं वाया जातं. आधी कार्ड काढा, मग प्लग लावा, कॅमेरा मान इकडून तिकडे फिरवून स्थिर होऊ द्या, आणखी मिनिटभर थांबा, मग १० सेकंद सलग दाबून धरा. आवाज आला किंवा लाइट भराभर लुकलुकू लागला की सोडा आणि कॅमेरा पुन्हा सुरू होईपर्यंत प्लगला हात लावू नका. खराब झालेलं कार्ड आत असेल तर काही कॅमेरे तिथेच अडकतात, म्हणून ते आधीच बाहेर.

'टिक' येऊन, एवढं करूनही झालं नाही तर दोष बहुधा बटणाचा नसून ॲडाप्टरचा आणि वायरचा असतो, हे माझं ठाम मत झालं आहे. आपल्याकडे प्लग घरात आणि कॅमेरा कोठ्यावर, मध्ये ५ मीटरची बारीक यूएसबी वायर, असंच असतं. बाजारातल्या स्वस्त वायरमध्ये २८ गेजची तार असते. तिचा अवरोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायची आणि यायची धरून १० मीटर, म्हणजे २.१ ओहम. कॅमेऱ्यानं अर्धा अँपिअर ओढला तर एक व्होल्टहून जास्त वायरीतच जातो आणि ५ व्होल्टचे ४ सुद्धा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाहीत. त्यावर दिवसा चित्र चालू राहतं, म्हणून संशय येत नाही. रिसेट झाल्यावर मात्र कॅमेरा जुनी सेटिंग पुसतो, बंद होऊन उठतो, मोटर फिरवतो, वायफाय चालू करतो. त्या ओढीत व्होल्टेज बसतं आणि तो अर्ध्यावरून परत पहिल्या पायरीवर येतो. ओळखायची खूण सोपी आहे : अंधार पडून इन्फ्रारेड लाइट लागले की कॅमेरा आपोआप बंद-चालू होत असेल, तर वीज कमी पडते आहे.

ॲडाप्टर नुसता मल्टीमीटरवर तपासून उपयोग नाही. भार नसताना कमजोर झालेला ॲडाप्टरही ५ व्होल्ट दाखवू शकतो. नवतपात टिनाखाली तापून त्यातला कपॅसिटर (वीज साठवून स्थिर ठेवणारा भाग) सुकलेला असू शकतो आणि भार पडला की दम तुटतो. चांगला ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर आणि एक मीटरच्या आतली जाड वायर घ्या, कॅमेरा खाली काढून घरात आणा आणि दिवसा, भरपूर उजेडात रिसेट करा, म्हणजे इन्फ्रारेडचा भार पडणार नाही. कायमची सोय करायची असेल तर ५ व्होल्टची वायर लांबवू नका. २३० व्होल्टची चांगली, अर्थिंगसह तीन तारी वायर कोठ्यापर्यंत न्या, तिथे पाऊस न लागणाऱ्या डब्यात सॉकेट बसवा आणि ॲडाप्टर कॅमेऱ्याजवळ ठेवा.

या कॅमेऱ्याला रेटिंगचे दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. वायर बदलल्यावर त्याच बटणानं रिसेट झालं, त्यामुळे तीन देतो. उरलेला राग डब्यातल्या माहितीपत्रकावर आहे. त्यात "बटण दाबून ठेवा" एवढंच छापलंय, विजेबद्दल अक्षर नाही.

रिसेट होऊनही ॲपमध्ये "हा कॅमेरा दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे" असं येत असेल, तर कितीही पिन टोचा, काही होणार नाही. रिसेटनं कॅमेऱ्यातलं पुसलं जातं, कंपनीच्या सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. गावात कॅमेरा बसवणारा दुकानदार बरेचदा स्वतःच्याच नंबरवर खातं उघडून देतो. त्यालाच त्याच्या ॲपमधून कॅमेरा काढून टाकायला सांगा. खातं आपलंच असलं पण त्या सिमचा रिचार्ज संपून मेसेज बंद झाले असतील, तर ओटीपी येत नाही. आधी तो नंबर चालू करा. कॅमेरा अजून ऑनलाइन असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ॲपमधून काढून टाकणं हेच रिसेट ठरतं, पिनची गरजच नाही.

जोडताना राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वर हे कॅमेरे दिसत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. मोबाइलचं लोकेशन चालू, डेटा बंद.

बटणाची 'टिक'च येत नसेल आणि वॉरंटी संपली असेल तरच पेचकस हातात घ्या. आत चार पायांचं छोटं बटण असतं, त्यातले दोन-दोन पाय आतून जोडलेले. मल्टीमीटर बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवून तिरप्या कोपऱ्यांवर लावा : दाबल्यावर वाजला पाहिजे, सोडल्यावर गप्प. न दाबताच वाजत असेल तर ओल किंवा मुंग्या आहेत, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं साफ करा. कार्डावरून फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकायचा उपाय शेवटी. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइल मागच्या स्टिकरवरच्या व्हर्जनचीच घ्या. व्ही१ ला व्ही२ ची फाइल टाकली तर कॅमेरा कायमचा जाऊ शकतो.

वॉरंटीत असेल तर उघडू नका. कोणत्या ॲडाप्टरवर तपासला आणि बोर्डाचा कोणता भाग गेला, हे सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लिहून मागा. देत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा. आणि कॅमेरा त्यांच्याकडे देताना मेमरी कार्ड काढून घ्या. रिसेटनं बहुतेक मॉडेलमध्ये कार्ड पुसलं जात नाही, घरातलं सगळं चित्रण त्यात तसंच असतं.