अडीच इंची की साडेतीन इंची?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेताना सगळे आधी टीबी (टेराबाइट, म्हणजे क्षमता) मोजतात. मला विचाराल तर आधी वायर बघा.

अडीच इंची डिस्क खिशात मावते आणि डेटा नि वीज दोन्ही एकाच यूएसबी केबलमधून घेते. तिला ५ व्होल्ट पुरतात. पण यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००; आणि तबकडी फिरायला लागते त्या क्षणी डिस्क एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. म्हणून जुन्या लॅपटॉपला किंवा अडॅप्टर नसलेल्या हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावली की दिवा लागतो, आतून टकटक येते, ड्राइव्ह मात्र दिसत नाही. लोक डिस्क गेली म्हणून हळहळतात; कित्येकदा ती नुसती उपाशी असते. आखूड केबल लावून थेट पोर्टला जोडा, नाहीतर अडॅप्टरवाला हब वापरून बघा.

साडेतीन इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिच्यासोबत वेगळा अडॅप्टर येतो. बदल्यात क्षमता मोठी, टीबीमागे दर बहुधा कमी. पण लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क ऐन कॉपीत बंद पडते. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे यूपीएसशिवाय मी ती घेणार नाही. आणि अडॅप्टर हरवला तर राउटरचा हाती लागेल तो खुपसू नका. व्होल्ट आणि पिनचे प्लस-मायनस तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.